कंकाल तंत्र व सांधे, मानवी

शरीराला आकार व आधार देणारी, मेंदू, हृदय, फुप्फुसे यांचे रक्षण करणारी आणि स्नायूंच्या ओढीला तरफ म्हणून उपयोगी पडणारी हाडे, कूर्चा (हाडाहून मऊ व लवचीक ऊती), अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारे पट्टे) व सांधे यांची व्यवस्था म्हणजे कंकाल तंत्र. रक्तपेशी हाडांतील लाल मज्जेत तयार होतात. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत साठविलेले असते.

हाडांची संख्या : प्रौढ माणसात २०६ हाडे मानतात. त्यांपैकी ८० अक्षीय कंकालात येतात : कवटी व चेहरा २२, दोन्ही मध्यकर्णांत मिळून ६, जिभेच्या मुळाशी १, पाठीच्या कण्यात २६, बरगड्या २४ आणि उरोस्थी (छातीच्या मध्यावरील हाड) १. उरलेली १२६ हातापायांची व त्यांना धडाशी जोडणाऱ्या मेखलांची असून प्रत्येक बाजूला वरच्या अंगात ३२ व खालच्या अंगात ३१ असतात. मात्र ही संख्या काही संकेत गृहीत धरून काढलेली आहे. त्रिकास्थीचे (कण्याच्या खालच्या भागातील हाडाचे) पाच मणके एकरूप झाल्याने एक हाड मोजतात, माकडहाडही एकच धरतात, पण गुडघ्याच्या वाटीखेरीज कंडरांत (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांत) तयार होणारी बारीक हाडे सोडून देतात. नवजात अर्भकात सुटे अस्थिभाग २७० ते ३०० च्या दरम्यान असतात आणि वाढीबरोबर ते जुळत जातात. गळपट्टीच्या हाडाचे उरोस्थीकडील टोक सर्वांत शेवटी, साधारणतः वयाच्या तिशीच्या आसपास, पूर्ण जुळते. म्हणूनच तरुण प्रौढाचे वय सांगाड्यावरून ठरविताना न्यायवैद्यकात या टोकाला महत्त्व आहे.

प्राचीन आयुर्वेदीय ग्रंथांतील आकडे याहून बरेच मोठे आहेत. चरकसंहितेत ३६० हाडे सांगितली असून त्यांत ३२ दात, दातांच्या ३२ उखळी व २० नखे यांचाही समावेश होतो. सुश्रुतसंहिता ३६० हे वेदवादींचे मत म्हणून नोंदवते व शल्यतंत्रानुसार (शस्त्रक्रियेच्या शास्त्रानुसार) ३०० हाडे देते : हातापायांत १२०, धडात ११७, मानेपासून वर ६३. या संहितांचा काळ निश्चित नाही. आज उपलब्ध असलेली त्यांची रूपे अनेक शतकांच्या संस्करणांतून आली आहेत. प्राच्यविद्यापंडित ए. एफ. रुडॉल्फ होर्न्ले यांनी १९०७ मध्ये प्राचीन भारतीय अस्थिविद्येची तपशीलवार छाननी केली आणि सुश्रुताच्या यादीतील विसंगती बऱ्याच अंशी पाठभ्रंशामुळे (नकलांत मजकूर बिघडल्यामुळे) आल्या असे मानले. पाठ बिघडले असतील, हे नाकारता येत नाही. तरी संख्येतील मुख्य फरक ‘हाड’ कशाला म्हणायचे यातून पडतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. सुश्रुताच्या कपाल, रुचक, तरुण, वलय व नलक या पाच प्रकारांपैकी रुचक म्हणजे दात, तर तरुण म्हणजे नाक-कानांतील कूर्चा. हे दोन्ही आधुनिक गणनेत येत नाहीत. प्रेत पाण्यात सात रात्री कुजवून मग कुंच्याने थर खरवडत पाहण्याची रीतही त्याच ग्रंथात आहे. अशा विच्छेदनात चिवट कूर्चा मऊ अवयवांपेक्षा जास्त टिकून हाडांसारखीच हाताला लागली असावी.

सांध्यांच्या वर्गीकरणात सुश्रुतसंहिता विशेष लक्षणीय आहे. तीत २१० सांधे (हातापायांत ६८, कोठ्यात म्हणजे धडात ५९, मानेपासून वर ८३) सांगून त्यांचे चेष्टावंत (हलणारे) व स्थिर असे दोन गट आणि रचनेवरून आठ प्रकार केले आहेत. कोर (बोटे, मनगट, कोपर, गुडघा), उलूखल (काख, जांघ, दात) आणि तुन्नसेवनी म्हणजे शिवणीसारखे (कवटी) हे त्यांपैकी तीन. दाताचे मूळ जबड्याच्या खळगीत बसते ही जोडणी आधुनिक शारीरातही सांधाच मानली जाते.

हाडाची घडण : सौम्य आम्लात ठेवलेल्या हाडातील क्षार विरघळतात आणि ते रबरासारखे वाकते. जाळलेल्या हाडातील कोलॅजन (चिवट तंतुमय प्रथिन) नष्ट होते आणि ते चुरते. क्षारांमुळे दाब सोसतो व कोलॅजनमुळे ताण. मुडदूस हा क्षार नीट न बसल्याने होतो. अस्थिसुषिरतेत (ऑस्टिओपोरोसिस) क्षार व कोलॅजन यांचे प्रमाण फारसे बिघडत नाही, हाडाचा ऐवजच घटतो.

सांध्यांची रचना : जोडणाऱ्या ऊतीवरून तंतुमय, कूर्चामय व द्रवयुक्त असे तीन गट करतात. कवटीच्या शिवणी पहिल्या गटात, मणक्यांमधील चकत्या दुसऱ्या गटात आणि हातापायांचे बहुतेक सांधे तिसऱ्या गटात मोडतात. द्रवयुक्त सांध्यात हाडांच्या टोकांवर बहुधा २ ते ४ मिमी. जाडीची गुळगुळीत कूर्चा असते. तिला रक्तवाहिन्या नाहीत व चेतातंतूही नाहीत. तिचे पोषण मुख्यतः संधिद्रवातून होते. भार पडला की द्रव बाहेर येतो, भार हटला की आत शिरतो. म्हणून प्लॅस्टरमध्ये फार काळ जखडलेल्या सांध्याची कूर्चा निकस होते व सांध्याभोवतीचे आवरण आखडते. चेतातंतू नसल्याने झीज सुरू होते तेव्हा दुखत नाही. वेदना पुढे कूर्चेखालचे हाड व आवरण यांतून येते. निरोगी गुडघ्यातही द्रव अवघा काही मिलिलिटर असतो, त्यामुळे डोळ्यांना दिसणारी सूज नेहमीच तपासण्याजोगी असते.

हालचाल आणि स्थैर्य : या दोहोंपैकी एक वाढले की दुसरे घटते. खांदा व खुबा हे दोन्ही उखळीचे सांधे. खांद्याची उखळ उथळ असून दंडाच्या हाडाच्या डोक्याचा जेमतेम तिसरा हिस्सा तिच्यात टेकतो. हात सर्व दिशांना फिरतो, पण हाच सांधा सर्वाधिक निखळतो आणि बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. तो बसवण्यापूर्वी व नंतर दंडाच्या बाहेरील बाजूची संवेदना तपासावी लागते, कारण सांध्याला वळसा घालणारी चेता दबू शकते. सोबत हाड मोडलेले आहे का हे क्ष-किरण चित्राशिवाय खात्रीने कळत नाही, म्हणून घटनास्थळी ओढाताण करू नये. खुब्याची उखळ खोल असते. तो निखळण्यास मोठा आघात लागतो, बहुधा तो मागे सरकतो आणि शक्यतो सहा तासांच्या आत बसवतात, अन्यथा मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते मृत होण्याचा धोका वाढतो.

गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा असला तरी पाय पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत फिरून घट्ट बसतो. उभे राहताना मांडीच्या स्नायूंवरचा ताण त्यामुळे कमी होतो. आतील दोन अर्धचंद्राकृती चकत्यांना फक्त बाहेरच्या कडेने रक्त मिळते, म्हणून तेथील फाट शिवल्यास भरू शकते, आतल्या कडेची सहसा भरत नाही.

लहान मुलांत : लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या वाढपट्ट्या असतात व त्या लगतच्या अस्थिबंधांहून दुबळ्या असतात. ज्या आघाताने मोठ्यांचा सांधा लचकतो, त्याच आघाताने मुलात वाढपट्टी मोडू शकते. १९६३ पासून रूढ असलेल्या सॉल्टर-हॅरिस वर्गीकरणात अशा मोडींचे पाच प्रकार आहेत. पाचव्या प्रकारात पट्टी चिरडली जाते, पहिल्या क्ष-किरण चित्रात काहीच दिसत नाही आणि पुढे हाड आखूड वा वाकडे वाढते. पाच वर्षांखालील मुलाला हात धरून एकदम उचलल्यास कोपराजवळ बाहेरच्या हाडाचे डोके कडीसारख्या अस्थिबंधातून निसटू पाहते. मूल हात हलवीत नाही, पण सूज नसते. जाणकार डॉक्टर ते हलक्या वळणाने बसवतात आणि थोड्याच वेळात मूल हात वापरू लागते.