विषय आडवा येतो तेव्हा: कोकणातल्या काही संशोधनांची पार्श्वभूमी

दर वर्षी १८ ऑगस्टला विजयदुर्गात हेलियम दिन साजरा होतो. किल्ल्यातल्या ‘साहेबाचे कट्टे’ नावाच्या चौथऱ्यांकडे बोट दाखवून सांगितलं जातं की १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी इथूनच हेलियम वायू शोधला. गोष्ट झकास आहे, फक्त तारखांची गल्लत झाली आहे. त्या ग्रहणाला लॉकियर हिंदुस्थानात नव्हतेच. फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन यांनी ते गुंटूरहून पाहिलं. लॉकियर तेव्हा लंडनमध्ये युद्धखात्यात कारकुनी करत होते आणि दुर्बीण हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला पाहायला ग्रहणाचीच वाट का बघायची, हा प्रश्न मात्र त्यांना सोडत नव्हता. त्यासाठी त्यांनी खास वर्णपटदर्शक, म्हणजे उजेडातले रंग सुटे करून दाखवणारं यंत्र, करवून घेतला आणि २० ऑक्टोबर १८६८ला भर उजेडात त्यांना ज्वालांचा वर्णपट दिसला. त्यात एक पिवळी रेघ होती. वर्णपटात प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघांची जागा ठरलेली असते. ही सोडियमची म्हणावी तर जागा जुळेना. त्या रेघेच्या धन्याचं नाव पुढे हेलियम ठेवलं गेलं.

विजयदुर्गला लॉकियर आले खरे, पण २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. तेव्हा त्यांची एकसष्टी उलटली होती. रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांना हेलियम पृथ्वीवरच्या खनिजात सापडूनही तीन वर्षं होत आली होती. नाव झालेलं, सिद्ध करायचं काही उरलेलं नाही, तरी दोनेक मिनिटांच्या अंधारासाठी हा माणूस समुद्र ओलांडून देवगडच्या किनाऱ्याला येतो. आमच्याकडे याला खूळ म्हणतात. कट्ट्यांची ही खरी गोष्ट मला त्या दंतकथेपेक्षा जास्त आवडते.

संशोधनाला अमुक विषय आवडला म्हणून निवडला, असं फार थोड्यांच्या बाबतीत घडलेलं दिसतं. कोकणातली उदाहरणं पाहिली तर बहुतेकांना विषय वाटेत आडवा आलेला आहे.

चिपळूणजवळच्या परशुराम-पेढे परिसरात १८८० साली जन्मलेले पांडुरंग वामन काणे हे मुंबई हायकोर्टातले वकील. हिंदू वारसाहक्काच्या दाव्यांत गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण इथे नीलकंठाच्या ‘व्यवहारमयूखा’ला वरचा मान होता. म्हणजे हे जुनं संस्कृत पुस्तक रोजच्या कज्जेदलालीत कामाला येत होतं. काण्यांनी त्याची आवृत्ती संपादित करायला घेतली. प्रस्तावनेत धर्मशास्त्राचा थोडा इतिहास द्यावा, एवढाच बेत होता. तो प्रस्तावनेत मावेना. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाचा पहिला खंड १९३० साली आला आणि शेवटचा १९६२ साली, तेव्हा काणे ब्याऐंशी वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. प्रस्तावना लांबण्याचं एवढं मोठं उदाहरण मराठी मुलखात दुसरं नसावं.

डॉ. हिंमतराव बावस्करांची गोष्ट याहून वेगळी, कारण तिथे कुतूहलाच्या आधी मृत्यू होता. ते मूळचे जालना जिल्ह्यातले. १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नेमणूक झाली. रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा होता. भातकापणीच्या दिवसांत आणि पावसाच्या तोंडावर पेंढ्यातला, लाकडांतला, दगडाखालचा लाल विंचू चावलेली माणसं येत. अंगाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, मग फुप्फुसांत पाणी होऊन धाप. बरीच मुलं दगावत. विंचू चावला म्हणजे उतरवून घ्यायचा, अशी गावची समजूत. आणि डॉक्टरच्या पुस्तकातही फारसा आधार नव्हता. मग बावस्कर रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी ठेवू लागले. मारतंय ते हृदय आणि रक्ताभिसरण कोलमडणं, हे त्यातून पुढे आलं. त्यांचं निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. विषामुळे शरीरातली ॲड्रिनलिनसारखी द्रव्यं उसळतात आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. ती आवळण सोडवायला त्यांनी रक्तदाबावरची प्राझोसिनची साधी गोळी वापरली. एकेकाळी शंभरात चाळीसच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण एकावर आलं. त्यांना वैद्यकात कशात रस होता, हा प्रश्न इथे गैरलागू ठरतो. पेशंट दारात होता.

वेळासचं कासव तर निव्वळ योगायोगाने हाती लागलं. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’चे भाऊ काटदरे आणि सहकारी २००२ साली किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची घरटी मोजत फिरत होते. नाना फडणविसांच्या या गावात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि ती अंडी चोरीला जातात, हे त्यांना तेव्हा कळलं. त्यातून अंडी हॅचरीत, म्हणजे पिल्लं बाहेर येईपर्यंत राखलेल्या कुंपणात, जपायला सुरुवात झाली. मग गावानेच हे काम अंगावर घेतलं आणि २०२२ पासून कोकणातल्या काही माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसलं. गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. गरुड मोजायला निघालेली ही वाट इथवर आली.

सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर कोरलेल्या, कातळशिल्पांचंही तसंच. गुराख्यांना ती पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती, कुठे कुठे पांडवांच्या नावावरही खपत होती. शोधणाऱ्यांनी गुराख्यांनाच विचारलं.

आणि साका? हापूस वरून सोन्यासारखा, कापला की आत पांढरट, आंबूस गर. बागायतदाराच्या या जुन्या दुखण्यावर वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसचा संकर करून साका न होणारा ‘रत्ना’ १९८१ साली दिला. मग रत्ना आणि पुन्हा हापूस मिळून पातळ कोयीचा ‘सिंधू’ आला. पेटी घेणारा मात्र अजूनही हापूसच मागतो आणि एप्रिल-मे महिन्यात कुठल्यातरी घरात सुरी फिरल्यावर कुणीतरी म्हणतंच, ‘श्या, साका निघाला.’