यकृत द्यायला रक्ताचं नातं लागत नाही

"बायकोचं लिव्हर कसं चालेल? रक्ताचंच पाहिजे." कळव्यात आमच्या सोसायटीत गेल्या आठवड्यात हे पुन्हा ऐकलं आणि फार वाईट वाटलं. ज्यांच्या नवऱ्याला यकृत हवंय त्या वहिनी रिपोर्टांची फाइल छातीशी धरून तिथेच उभ्या होत्या.

रक्ताचं नातं लागत नाही. रक्तगट जुळावा लागतो. ओ गट सगळ्यांना चालतो, पॉझिटिव्ह-निगेटिव्हने अडत नाही. १९९४चा अवयव प्रत्यारोपणाचा कायदाही पत्नीला जवळची नातेवाईकच मानतो.

खरा प्रश्न वेगळा आहे. दात्याच्या यकृताचा कापून मिळणारा तुकडा रुग्णाच्या वजनाच्या साधारण ०.८ टक्के तरी असावा, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५६० ग्रॅम. शिवाय दात्याकडे निदान ३० ते ३५ टक्के यकृत उरायलाच हवं. म्हणून तर सीटी स्कॅनवर मापं काढतात. आणि चरबी! धडधाकट दिसणारा सख्खा भाऊ फॅटी लिव्हरमुळे बाद होऊ शकतो, कारण चरबीने भरलेला तुकडा नव्या शरीरात नीट काम करेल याचा भरवसा नसतो. वजन उतरवून काही जण पुन्हा पात्र ठरतात. दात्याचं वयही बघतात. कापलेलं तरुण यकृत लवकर पुन्हा वाढतं.

वहिनींचा गट ओ आहे. सोमवारी त्यांचं सीटी स्कॅन आहे.