बाळ बोट करून दाखवतं का?

‘याचे बाबाही उशिराच बोलले होते!’ दोन वर्षांचं मूल बोलत नसलं की घरात हे हमखास ऐकू येतं. काही मुलं खरंच उशिरा बोलतात आणि पुढे सगळं सुरळीत होतं. पण आपलं मूल त्यांतलं आहे की नाही, हे घरबसल्या ठरत नाही. म्हणून ‘थोडं थांबा’ हा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

बोलण्याच्या आधी बोट येतं. वर्ष-सव्वा वर्षाचं बाळ खिडकीत कावळा दिसला की बोट करतं आणि लगेच आईकडे वळून बघतं. त्याला कावळा नको असतो, आईनेही तो बघायला हवा असतो. बिस्किटासाठी डब्याकडे बोट करणं निराळं. आईचं मनगट धरून तिला डब्यापर्यंत ओढत नेणं त्याहून निराळं. ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलांत ते पहिलं, नुसतं दाखवणारं बोट बरेचदा उशिरा येतं किंवा येतच नाही. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची 20 प्रश्नांची चाळणी चाचणी आहे. तिच्यात मागण्यासाठीचं बोट आणि दाखवण्यासाठीचं बोट यांवर दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. अर्थात, चाचणीत शंका आली म्हणजे ऑटिझम ठरला असं नाही.

आधी कान तपासा. दार आपटलं की दचकतो, म्हणून ऐकू येतंच असं धरून चालू नका. मोठे आवाज ऐकणाऱ्या मुलालाही बोलण्यातले बारीक आवाज निसटू शकतात. बेरा चाचणीत झोपलेल्या बाळाच्या कानात टिकटिक आवाज सोडून मेंदूपर्यंत काय पोचतं ते मोजतात. दुखत नाही.

ऑटिझम दाखवणारी रक्ततपासणी नाही, एमआरआयही नाही. विकासतज्ज्ञ मुलाशी खेळतात, त्याला न्याहाळतात, पालकांना खोदून खोदून विचारतात. भारतात वापरल्या जाणाऱ्या इसा या मापनश्रेणीत 40 मुद्दे आहेत. एकूण गुण 70 किंवा जास्त आले तर ऑटिझम धरतात. परक्या खोलीत मूल बुजतं, तेव्हा घरातले व्हिडिओ मोबाइलमध्ये जरूर न्या.

खासगी तपासणी परवडत नसेल तर अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाला सांगा. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून ते मुलाला डीईआयसी म्हणजे जिल्ह्यातल्या बालविकास तपासणी-उपचार केंद्रात मोफत पाठवतात. निदानाचा कागद हातात येईपर्यंत स्पीच थेरपी अडवून ठेवायची गरज नाही. आणि येत असलेले शब्द मूल विसरू लागलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.