सड्यावरचा काळोख : गोव्यातून दक्षिणेचे आकाश पाहताना

गोवा उत्तर अक्षांशाच्या सुमारे १४.९ ते १५.८ अंशांदरम्यान वसलेला असल्यामुळे येथून ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून जेमतेम पंधरा-सोळा अंश उंचीवर दिसतो. हात समोर ताठ धरून मूठ वळली, तर तिची रुंदी आकाशात साधारण दहा अंश व्यापते. म्हणजे क्षितिजावर दीड मूठ ठेवली की ध्रुवतारा सापडावा. सह्याद्रीच्या पायथ्याच्या अनेक गावांतून तर तो समोरच्या डोंगराआडच राहतो. उत्तरेकडे असे थोडे गमवावे लागते खरे, पण त्याची भरपाई दक्षिणेकडे होते. अगस्त्याचा तारा येथे बावीस अंशांपर्यंत वर येतो. त्रिशंकू, म्हणजे दक्षिणेकडचा प्रसिद्ध क्रॉस, क्षितिजावर पूर्ण दिसतो. नरतुरंग या तारकासमूहातील ओमेगा सेंटॉरी हा सुमारे १७,००० प्रकाशवर्षे दूर असलेला प्रचंड तारकागुच्छ लंडनहून कधीच उगवत नाही. गोव्यात तो सत्तावीस अंश उंचीवर येतो आणि खरोखर काळोख असेल तर नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपक्यासारखा दिसतो.

क्षितिजालगतचे हे आकाश दिव्यांच्या झगमगाटात सर्वांत आधी हरवते. डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश वातावरणाचा जेवढा थर ओलांडून येतो, त्याच्या जवळजवळ पाचपट थर बारा अंश उंचीवरच्या ताऱ्याच्या प्रकाशाला ओलांडावा लागतो. त्या वाटेत तो मंदावतो, आणि त्याच थरात दूरवरच्या गावांचा व शहरांचा प्रकाश विखुरलेला असल्याने पार्श्वभूमी उजळते. हवेच्या रेणूंकडून होणारे प्रकाशाचे विकिरण तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. त्यामुळे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६०० नॅनोमीटरच्या नारिंगी प्रकाशापेक्षा तिपटीहून अधिक विखुरतो. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जागी निळसर-पांढरे एलईडी आल्यापासून आकाशाची हानी वाढली आहे, ती या कारणाने. किनारपट्टीवर त्यात आणखी भर पडते, कारण समुद्रावरून येणारे मिठाचे सूक्ष्म कण दमट हवेत पाणी शोषून फुगतात आणि प्रकाश अधिकच पसरवतात.

२०२३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०११ ते २०२२ या काळात जगभरच्या सामान्य निरीक्षकांनी केलेल्या नोंदी तपासल्या गेल्या. आकाशाची कृत्रिम उजळणी दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत असल्याचे त्यातून दिसले. या वेगाने आज जेथून २५० तारे दिसतात, तेथे जन्मलेल्या मुलाला अठराव्या वर्षी जेमतेम १०० दिसतील.

मोठी दुर्बीण आणली की हा प्रश्न सुटेल, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. चंद्र, गुरू, शनी यांसारख्या तेजस्वी वस्तू शहरातूनही उत्तम दिसतात, आणि म्हणूनच पणजीच्या जुंता हाऊस या इमारतीच्या गच्चीवरून लोकांना ग्रह व चंद्र दाखवण्याचे मोलाचे काम होऊ शकले. आकाशगंगा, तेजोमेघ, दूरच्या दीर्घिका यांचे तसे नाही. त्यांचा प्रकाश एका बिंदूत एकवटलेला नसून पसरलेला असतो. दुर्बीण तो गोळा करते तेव्हा मागच्या उजळलेल्या आकाशाचा प्रकाशही त्याच प्रमाणात गोळा करते, आणि दोघांतला फरक होता तेवढाच राहतो. तो फरक वाढवायचा तर दिव्यांपासून दूर जाण्याला पर्याय नाही.

हे दूर जाणे अपेक्षेपेक्षा लवकर फळते. शहराच्या प्रकाशाचा आकाशातला प्रभाव अंतराच्या साधारण अडीचाव्या घाताने घटतो, हे १९७०च्या दशकात अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ मर्ल वॉकर यांनी मोजमापांवरून दाखवले. अंतर दुप्पट केले की उजेड निम्मा न होता साडेपाच पटींहून अधिक कमी होतो. मध्ये डोंगराची रांग आली तर आणखी फायदा होतो.

या तत्त्वावरच जगभर ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारी उद्याने, घोषित होतात. अमेरिकेतील युटा राज्यातल्या नॅचरल ब्रिजेसला २००७ मध्ये हा दर्जा पहिल्यांदा मिळाला. आपल्या देशात लडाखमधील हानले परिसर २०२२ च्या अखेरीस राखीव काळोखी आकाशक्षेत्र म्हणून अधिसूचित झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. गोव्यातल्या कोणत्याही जागेला हा दर्जा अद्याप मिळालेला नाही. तरीही सांगे, काणकोण आणि सत्तरी या तालुक्यांच्या पूर्वेकडच्या भागात हौशी निरीक्षकाला पुरेसा काळोख शिल्लक आहे, आणि त्यात माझी पहिली पसंती नेत्रावळी-खोतीगावच्या बाजूला आहे. या दोन्ही अभयारण्यांना पलीकडे कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल लागून आहे. त्यामुळे आग्नेय दिशेला, जिकडून धनू आणि वृश्चिक वर येतात तिकडे, मोठी वस्ती नाही. सत्तरीतला सुर्ला परिसर उंचावर असल्याने तेथली हवा अधिक स्वच्छ असते.

अभयारण्याच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीवाचून रात्रीचा मुक्काम करता येत नाही, आणि तसे करूही नये. बाहेरच्या गावात खासगी जागेवर, मालकाला विचारून तंबू टाकणे हाच योग्य मार्ग होय. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाहुण्याला कुळागरात उतरवण्याची गावची रीत प्रेमाची असली, तरी माडपोफळींच्या दाट छत्रीखाली आकाशाचा तुकडाही दिसत नाही. भात कापून झालेले मोकळे शेत किंवा जांभ्याचा सडा, म्हणजे उंचावरचा सपाट खडकाळ माळ, मागून घ्यावा. दोहोंत सडा चांगला, कारण रात्री थंड झालेली जड हवा उतारावरून खाली वाहत दरीत साचते आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे तेथे धुके धरते. सडा बहुतेक वेळा त्याच्या वर राहतो. मात्र जांभ्यात तंबूच्या खुंट्या शिरत नाहीत, तेव्हा दोऱ्या दगडांना बांधण्याची तयारी ठेवावी. दिवसभर तापलेला हा दगड संध्याकाळी बराच वेळ उष्णता सोडत असतो. त्या ऊन हवेमुळे दुर्बिणीतून ग्रहांची प्रतिमा थरथरते, म्हणून बारीक तपशील पाहायचे काम रात्री उशिरापर्यंत लांबवणे बरे.

रात्र निवडण्यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकण्याचा काळ, त्यामुळे तिथी ठाऊक असली की चंद्र किती वेळ त्रास देणार हे हिशेब न मांडताही कळते. शुद्ध पंचमीचा चंद्र रात्री दहा-साडेदहाच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, आणि या दोहोंमधल्या अमावास्येच्या आगेमागे काळोख सर्वाधिक लाभतो. अमावास्येच्या रात्री घराबाहेर पडू नये असे सांगणारी माणसे अजून भेटतात. आकाश पाहणाऱ्याला मात्र तीच रात्र सर्वांत लाभाची असते.

ऋतूची निवड इतकी सोपी नाही. आकाशगंगेचा तेजस्वी मध्यभाग जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यरात्री माथ्यावरच्या रेषेत येतो, नेमका तेव्हा आपल्याकडे मुसळधार पाऊस असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीची हवा कोरडी व स्वच्छ असते. तेव्हा मृग नक्षत्र, व्याध, अगस्त्य पाहावेत आणि १३-१४ डिसेंबरच्या रात्री फेथॉन या लघुग्रहाच्या कणांमुळे होणारा मिथुन राशीतील उल्कावर्षाव अनुभवावा. पण एकच रात्र मिळणार असेल तर मी एप्रिलच्या मध्याजवळची अमावास्या घेईन, हवा थोडी दमट असली तरी. त्या दिवसांत रात्री साडेअकराच्या सुमारास त्रिशंकू ठीक दक्षिणेला उभा असतो. त्याच्या डावीकडे नरतुरंगातील दोन ठळक तारे असतात, त्यांतला त्रिशंकूपासून दूरचा तो अल्फा सेंटॉरी, सूर्याला सर्वांत जवळच्या, सुमारे ४.४ प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्यांच्या गटाचा मुख्य तारा. साडेबाराच्या सुमारास ओमेगा सेंटॉरी सर्वांत उंच येतो. पुढे वृश्चिक आणि धनू वर चढत राहतात, आणि पहाटे साडेचारच्या सुमारास आकाशगंगेचा मध्यभाग पंचेचाळीस अंश उंचीवर असतो. तिथे तिच्या मधोमध काळे पट्टे दिसतात. ती मोकळी जागा नसून मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवणारी धूळ आहे. पाचच्या पुढे पूर्व उजळू लागते.

हे सारे दिसण्यासाठी डोळ्यांना अवधी द्यावा लागतो. अंधारात बाहुली काही क्षणांत मोठी होते, पण खरा बदल दृष्टिपटलातील दंडपेशींमध्ये, म्हणजे मंद उजेडात पाहणाऱ्या पेशींमध्ये, घडतो. त्यांतील ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेडाने विघटित होते आणि पुन्हा साठायला अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो. मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले तरी ही साठवण खर्ची पडते. दंडपेशी गडद लाल प्रकाशाला फारसा प्रतिसाद देत नाहीत, म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिन कागद दुहेरी गुंडाळावा. अंधूक वस्तूकडे थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवावी, कारण दृष्टीच्या केंद्रभागी दंडपेशी नसतातच.

हिवाळ्यात दव हा मोठा शत्रू असतो. आकाशाकडे उघडा असलेला प्रत्येक पृष्ठभाग उष्णता बाहेर टाकत हवेपेक्षाही थंड होतो आणि त्यावर पाणी जमते. मध्यरात्रीपर्यंत तारकानकाशाचा कागद लिबलिबीत होतो, दुर्बिणीच्या भिंगावर पांढुरकी साय धरते. ती पुसू नये. भिंगापुढे काळ्या पुठ्ठ्याची नळी आधीच बसवावी. नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घालावा.

शेकोटी टाळावी, नुसत्या डोळ्यांच्या काळजीने नव्हे. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्याच्या जंगलांत लागलेल्या आगी आपण पाहिल्या आहेत, आणि आकाशदर्शनाचे चांगले महिने तेच वाळलेल्या गवताचे महिने आहेत. माकडतापाचा हंगामही हाच. २०१५ पासून सत्तरीत आढळलेला हा विषाणूजन्य आजार गोचिडींमुळे पसरतो. पालापाचोळ्यावर बसू-झोपू नये, अंगभर कपडे घालावेत, आणि मेलेले माकड आढळल्यास तेथे न थांबता आरोग्य केंद्राला कळवावे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला नकळत दंश करते, म्हणून तंबूची चेन कायम बंद ठेवावी.

पेंचमध्ये दर्जा मिळवताना आसपासच्या गावांतले दिवे बदलून प्रकाश जमिनीकडेच जाईल असे केले गेले. नेत्रावळीच्या किंवा खोतीगावच्या वाटेवर हे करायला मोठा खर्च लागणार नाही, कारण तेथे दिवे मोजकेच आहेत: वर झाकण असलेला, ३,००० केल्विनपेक्षा पिवळसर (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचे माप, आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळा), गरज असेल तेव्हाच पेटणारा दिवा लावायचा. गालजीबाग, आगोंद, मोरजी आणि मांद्रे येथे कासवांची पिल्ले उजळलेल्या क्षितिजाकडे धावतात आणि समुद्राऐवजी दिव्यांच्या दिशेने भरकटतात. तेथेही हाच दिवा हवा, म्हणून किनाऱ्यावरच्या आणि डोंगरातल्या पंचायतींना ही मागणी एकत्र करता येईल.