टॉकीजमधला इयरफोन

सिनेमा टॉकीजमधे बसूनच पाहायचा, पण सोबत मोबाईलमधून त्याच पिक्चरचा एक वेगळा ट्रॅक इयरफोनवर ऐकायचा, अशी ही पद्धत. ट्रॅक दुसऱ्या भाषेतला असतो, नाहीतर दृष्टिहीन प्रेक्षकाला पडद्यावर काय चाललंय ते सांगणारा असतो. कमी ऐकू येणारे लोक हॉलचाच आवाज वाढवून कानात घेतात तेही यातच धरायचं. शहरातल्या लोकांना ही एक हौस वाटते, पण खरा उपयोग खेड्यातच जास्त आहे.

कारण विदर्भात तालुक्याच्या ठिकाणच्या बऱ्याच टॉकीज बंद पडून तिथं मंगल कार्यालय नाहीतर गोडाऊन झालं. सिनेमाच्या धंद्यात हा सगळा भाग पिक्चर वाटपासाठी अजूनही सी.पी. बेरार सर्किट म्हणूनच चालतो, सी.पी. अँड बेरार (मध्य प्रांत व वऱ्हाड) हा प्रांत १९५० मधे कागदावरून गेला तरी. ज्या टॉकीज उरल्या तिथं पडदा एक आणि भाषाही एक, बहुतेक वेळा हिंदीच, मग साऊथचा पिक्चर असला तरी डबच पाहावा लागतो. गडचिरोलीतल्या सिरोंच्याकडे घरात तेलुगू बोलणारे बरेच लोक आहेत, त्यांना आपल्याच भाषेतल्या हिरोला हिंदीत बोलताना ऐकावं लागतं. अशा वेळी सिनेडब्ससारखं ॲप कामाचं, पडद्यावर हिंदी चालू आणि कानात तेलुगू. मराठी ट्रॅक मात्र क्वचितच मिळतो, आणि गोंडी, माडिया, कोरकूचं तर नावच नको, म्हणजे ज्याला खरी गरज तो अजूनही बाहेरच आहे.

ॲप चालतं कसं तर पिक्चरचा ट्रॅक आधीच डाउनलोड करून ठेवायचा, हॉलमधे बसल्यावर ॲप मोबाईलच्या माईकने दोन-चार सेकंद आवाज ऐकतं, हा कोणत्या मिनिटाचा आवाज आहे ते जुळवून पाहतं आणि तिथूनच आपला ट्रॅक सुरू करतं. म्हणजे हॉलमधे नेट लागत नाही, ही आपल्याकडं सगळ्यात मोठी सोय, कारण जाड भिंतीच्या जुन्या टॉकीजमधे रेंज कुठून येणार. डाउनलोड घरूनच करून निघायचं, गेटवर उभं राहून करतो म्हटलं की पिक्चर सुरू होऊन जातो. लाईट गेली, जनरेटर सुरू होईस्तोवर पडदा काळा राहिला, तरी हरकत नाही, पुन्हा एकदा जुळवून घ्यायचं. इंटरव्हलनंतरही तेच.

मागच्या खुर्चीवर बसलं की पडद्याकडचा आवाज उशिरा पोचतो, तो प्रश्नही यातूनच सुटतो. आवाजाला ३० मीटर यायला साधारण ०.०९ सेकंद लागतात, पण माईक आपल्याच खुर्चीपाशी असल्यामुळे ॲप त्या उशिरासकटच जुळवतं. खरी गडबड ब्लूटूथची. साध्या बड्समधे आवाज ०.१५ ते ०.२५ सेकंद उशिरा पोचतो, मग ओठ आधी हलतात आणि डायलॉग मागून येतो, डोकं दुखून जातं बावा. वायरवाला इयरफोन बरा, स्वस्तही पडतो. अन् एकाच कानात घालावा, दुसरा मोकळा ठेवावा, नाहीतर हिरोच्या एंट्रीला पब्लिकच्या शिट्ट्या ऐकू येत नाहीत आणि मग टॉकीजमधे जाऊन फायदा काय.

दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी एक्सएल सिनेमा नावाचं ॲप आहे, त्यात दोन डायलॉगच्या मधल्या जागेत कोण आलं, कोणी कोणाकडं पाहिलं, हातात काय आहे हे निवेदक सांगतो. हे नसलं तर शेजारच्याला कानात सांगत बसावं लागतं आणि पुढचे लोक मागं वळून पाहतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ४२ मधे अशा ध्वनिवर्णनाचा उल्लेख आहे, आणि मार्च २०२४ मधे केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने टॉकीजमधल्या सिनेमांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. तालुक्याच्या टॉकीजवाल्याला त्या माहीत असतीलच असं धरून चालू नये.

कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं वेगळं आहे. हॉलमधे इंडक्शन लूप (आवाज बिनतारी कानाच्या मशीनपर्यंत पोचवणारी वायर) बसवला असला तर मशीन टी-मोडवर, म्हणजे लूपचा आवाज घेणाऱ्या सेटिंगवर, टाकून आवाज सरळ मशीनमधे येतो, पण जुन्या सिंगल स्क्रीनमधे लूप दिसणं कठीणच. त्यांच्यासाठी पडद्याच्या खालच्या ओळीतलं सबटायटल जास्त उपयोगी, अर्थात वाचता येत असेल तर.

एक भानगड मात्र आहे. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मधे सुधारणा झाली आणि टॉकीजमधे चोरून रेकॉर्डिंग केलं तर ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड आहे. ॲप रेकॉर्डिंग करत नाही, फक्त ऐकतं, पण अंधारात मोबाईल वर धरून बसलेला माणूस दिसला की टॉर्चवाला येणारच. म्हणून ट्रॅक जुळला की स्क्रीन बंद करून मोबाईल खिशात टाकायचा, अन् आत जातानाच गेटवरच्या भाऊले ॲप दाखवून ठेवायचं.