हिरड्यांचे विकार आणि हृदयविकार

दातांभोवतालच्या हिरड्या व हाड यांचा दीर्घकाळ चालणारा जंतुजन्य दाह आणि हृदय व रोहिण्यांचे (हृदयाकडून शरीरभर रक्त नेणाऱ्या वाहिन्यांचे) विकार यांच्यातील संबंध. हिरड्यांच्या या दाहाला व्यवहारात पायोरिया म्हणतात.

दातांवरचा जंतूंचा चिकट थर वेळीच निघाला नाही, तर लाळेतील क्षार त्यात साचून काही दिवसांतच त्याचे टणक कीटण बनते. निरोगी हिरडी व दात यांच्यामधील खाच १ ते ३ मिमी. खोल असते, दाह वाढला की ती ४ मिमी. वा त्याहून खोल होते, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते आणि दात हलू लागतो. हा विकार बहुधा दुखत नाही. चूळ भरून टाकलेल्या पाण्यात रक्ताची पुसट तार दिसते एवढीच त्याची पहिली खूण, आणि त्यामुळेच रोगी दंतवैद्याकडे फार उशिरा पोचतो.

चावताना किंवा दात घासताना सुजलेल्या हिरडीतून जंतू रक्तात शिरतात. शिवाय दाहामुळे रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रथिन (शरीरातील दाह दर्शविणारे प्रथिन) वाढते आणि रोहिण्यांच्या आतील अस्तराचे काम बिघडते. रोहिण्यांत साचलेल्या मेदाच्या थरांतही पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस या हिरड्यांतील जंतूचा डीएनए आढळला आहे. १९८९ साली फिनलंडमधील संशोधकांना हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांचे दात इतरांपेक्षा अधिक खराब आढळले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, १२० रुग्णांवरील एका चाचणीत हिरड्यांच्या सखोल उपचारानंतर पहिल्या दिवशी रोहिण्यांची प्रसरणक्षमता घटली, पण सहा महिन्यांनी ती सुधारलेली दिसली. मात्र अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये दिलेला निर्वाळा महत्त्वाचा आहे : दोन्ही विकारांचा संबंध खरा आहे, परंतु हिरड्यांच्या विकारामुळेच हृदयविकार होतो, किंवा त्यावरील उपचाराने तो टळतो, हे सिद्ध झालेले नाही. तंबाखू व मधुमेह ही दोहोंची समान कारणे असल्याने हा गुंता सुटणे अवघड आहे. हृदयाच्या अंतःस्तराला होणाऱ्या संसर्गाची गोष्ट वेगळी. तोंडातील स्ट्रेप्टोकॉकस जंतू सदोष वा कृत्रिम झडपांवर प्रत्यक्ष वाढतात.

गोव्यात हा विषय विशेष निकडीचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत येथील मधुमेहाचे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक, आढळले. आणि मधुमेह हिरड्या व हृदय दोन्ही पोखरतो. आंब्याच्या पानाची घडी करून दात घासण्याची आणि त्याच्या शिरेने जीभ खरवडण्याची जुनी रीत गावांतून अनेकांना आठवते. ती निरुपद्रवी होती. मशेरीचे तसे नाही, कारण तीत तंबाखू असते. गुटख्यावर मात्र गोव्याने २००५ मध्येच बंदी घातली. गोवा दंत महाविद्यालय (स्थापना १९८०) आणि गोवा वैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही बांबोळी येथे असल्याने हृदयरुग्णाची दंततपासणी सोयीची आहे. झडप बदललेल्या रुग्णाने दात काढण्यापूर्वी किंवा हिरड्यांवरील उपचारापूर्वी ही गोष्ट दंतवैद्याला सांगावी लागते, म्हणजे प्रतिजैविक आधी देता येते. रक्त पातळ करणारी गोळी मात्र हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याविना कोणीही बंद करू नये.