मडकं आहे, नाव नाही

संग्रहालयात एखाद्या स्टुडिओ पॉटरच्या, म्हणजे भांडं सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच घडवणाऱ्या कुंभाराच्या, आयुष्यावर आणि कामावर प्रदर्शन मांडलं जातं, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. पण मडक्याखाली माणसाचं नाव लिहिण्याची पद्धत फार जुनी नाही, आणि हे पुण्याइतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगावला उत्खनन केलं. तिथली जोर्वे पद्धतीची भांडी तीन हजार वर्षांहून जुनी. लाल अंगावर काळी भौमितिक नक्षी, लांब तोटी, आणि भाजणी अशी पक्की की टिचकी मारली तर धातूसारखी खणखणतात. मूल दगावलं की दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवायचे आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचे. कुंभाराची गोल भट्टीसुद्धा तिथे सापडली. कुंभार कोण, ते अर्थातच नाही.

उलट बाजूला गोरोबाकाका. मुक्ताईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना ‘कच्चं मडकं’ ठरवलं, ही कथा घराघरात माहीत आहे. मराठी माणसाला नावानिशी ठाऊक असलेला कुंभार बहुधा हा एकच, आणि त्यांच्या हातचं एकही गाडगं आपल्यापाशी नाही. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून पिढ्यान्‌पिढ्या पणत्या आणि संक्रांतीची सुगडं घेणाऱ्यांनी तरी घडवणाऱ्याचं नाव कधी विचारलं? आमच्या घरी तर नाहीच.

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉर्ज टेरी यांनी कुंभारकामाला चालना दिली. अजिंठ्याच्या चित्रांतली नक्षी तिथल्या भांड्यांवर आली. पण ती ओळखली जातात ‘बॉम्बे स्कूल’ची म्हणून, म्हणजे नाव मिळालं ते संस्थेला.

माती कालवण्यापासून भट्टी लावण्यापर्यंत सगळं एकाच्या हातचं आणि बुडाशी त्याचा शिक्का, ही स्टुडिओ पॉटरीची रीत विसाव्या शतकातली. इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच आणि जपानी कुंभार शोजी हमादा यांनी १९२० मध्ये इंग्लंडमधल्या सेंट आइव्ह्‌जला कार्यशाळा काढली आणि तिथे ही रीत रुजली. गंमत म्हणजे हमादांनी जपानला परतल्यावर भांड्यांवर शिक्का मारणंच सोडून दिलं. हात ओळखता येत असेल तर सही कशाला?

आपल्याकडे ही वाट सरदार गुरचरण सिंग यांनी पाडली. १९१९ मध्ये ते जपानला शिकायला गेले, तिथे लीच आणि हमादांच्या वर्तुळाशी त्यांची ओळख झाली. पुढे १९५२ मध्ये त्यांनी ‘दिल्ली ब्लू पॉटरी’ सुरू केली, १९९१ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी पाँडिचेरीत ‘गोल्डन ब्रिज पॉटरी’ काढली; आजचे कितीतरी भारतीय स्टुडिओ पॉटर तिथेच तयार झाले. साध्या आव्यातल्या भाजणीपेक्षा कितीतरी जास्त, बाराशे-तेराशे अंश तापमानाला भाजलेलं दगडासारखं टणक स्टोनवेअर आणि स्वतः जुळवलेलं ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, ही या मंडळींची ओळख.

म्हणून अशा प्रदर्शनात मला भांड्यांइतक्याच ग्लेझच्या वह्या आणि चाचणीचे तुकडे पाहावेसे वाटतात. शिक्का बुडाशी असतो आणि भांडं उभं मांडलेलं. नाव वाचायला शेवटी शेजारच्या पाटीकडेच वळावं लागतं.